गोल मूठ

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाहीतर सोडून द्या. मी कुणाच्या पाया पडायला बसलेली नाही.

ज्यांना भुतं फक्त अमावास्येच्या रात्रीच दिसतात, त्यांनी तर पुढे वाचूच नये. हे सगळं भर दुपारी घडलं. मे महिन्यात. डिचोली तालुक्यातल्या मये गावात, तळ्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर परेशचं घर आहे, तिथे.

परेश माझा मावसभाऊ. त्याची थोरली बहीण सुविधा, ती डिचोलीत राहते. त्यांची आई म्हणजे माझी कमलाक्षी मावशी. सुविधानं हे मला माझ्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं. बाहेर लख्ख ऊन होतं. तरी सांगताना तिनं माझा हात सोडला नाही.

आधी एक लहानपणची गोष्ट सांगते. ती लक्षात ठेवा.

परेश महाखोडकर. सुविधाची वेणी ओढायचा, तिच्या वाट्याची बिबिंका, म्हणजे आमच्याकडचा थराथरांचा गोड केक, खाऊन वर तिलाच वेडावायचा. मग मावशी त्याचा डावा कान धरायची. धरायची ती चांगला पिरगाळून. आणि सोडायची मात्र मुलीला विचारून.

"सोडू काय गो ह्याका?"

सुविधा 'सोड' म्हणेपर्यंत कान सुटायचा नाही.

आणि आमची सुविधा काही लवकर म्हणायची नाही. परेश रडून लाल व्हायचा, ही आपली ओठ घट्ट मिटून उभी. पहिल्यापासूनच तापट.

आता मुद्द्यावर येते.

परेशच्या डोक्यात होमस्टेचं खूळ शिरलं. तळं बघायला माणसं येतात, त्यांना राहायला खोल्या द्यायच्या. चांगली कल्पना आहे, मी नावं ठेवत नाही. त्यानं घर रंगवलं, खोल्यांना एसी लावले, जुनी लाकडी जनेलं, म्हणजे खिडक्या, काढून अख्ख्या काचा बसवल्या. एसीची हवा बाहेर जाता कामा नये ना!

आणि मग दारांकडे वळला.

जुन्या दारांना लाकडी खिट्ट्या होत्या. वर उचलली की दार उघडतं, कोपरानं जरी ढकलली तरी चालतं. परेशनं सगळ्या उपटून टाकल्या. त्यांच्या जागी चकचकीत स्टीलच्या गोल मुठी आणल्या. दार ओढलं की आपोआप खटका पडतो, मूठ फिरवली की उघडतो. तुम्ही पाहिल्या असतील. दिसायला फार छान!

पण मावशीच्या हातांना वात होता.

बोटं वाकडी झालेली, दोन तर तळहातात मुडपून बसलेली. रोज निलगिरीचं तेल चोळायची. चहाचा कप दोन्ही हातांत धरायची. ती बाई गुळगुळीत गोल मूठ फिरवणार कशी?

सुविधानं त्याला सांगितलं होतं. बेळगावकडचा सतीश सुतार दारं बसवत असताना ती तिथेच उभी होती.

"परेश, आईच्या दाराक तरी पट्टीचो हँडल घाल रे. खाली दाबलो की उघडता. ही मूठ तिच्या हातात फिरायची नाय."

परेश काय म्हणाला असेल?

"ताई, सगळ्या दारांक एकच डिझाईन होया. लोक फोटो बघून खोली घेतात."

ऐकलंत? फोटोत दारं सारखी दिसायला हवीत म्हणून! हे लिहितानासुद्धा माझं डोकं फिरतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी पेडण्याला परेशच्या मेव्हणीचं लग्न होतं. परेश, त्याची बायको प्रिया, सगळी सकाळीच गेली. मावशीचे गुडघे दुखत होते, ती घरी राहिली. जेवण झाकून ठेवलेलं, फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला. मावशी आपल्या खोलीत आडवी व्हायला गेली.

वाऱ्यानं दार आपटलं... आणि खटका पडला.

लाईट गेली होती. एसी बंद. जनेलाच्या जागी बंद काच. बाहेर मे महिन्याचं ऊन.

संध्याकाळी परेशचा फोन आला. "ताई, आई गेली. झोपेतच गेली. काय त्रास झालो नाय तिका."

सुविधा धावत मयेला गेली. मावशी खाटेवर होती. अंगावर चादर, केस विंचरलेले. डॉक्टर हार्ट म्हणाले. माणसं जमली, बायका रडल्या, "भाग्यवान बाई, झोपेत मरण आलं" असं एकमेकींना सांगू लागल्या.

सुविधा रडली नाही. तिनं आईचे हात हातात घेतले.

बोटांची टोकं सोलवटली होती.

मग तिनं दाराकडे पाहिलं. घरातल्या सगळ्या मुठींवर सुताराच्या हातांचे डाग आणि रंगाची धूळ होती. आईच्या दाराची आतली मूठ तेवढी लख्ख होती... कुणीतरी नुकतीच पुसलेली.

तेवढ्यात शेजारची सोनाबाई जवळ आली. कोल्हापूरकडची बाई, नवरा इथे कारखान्यात आहे. ती पदरानं डोळे पुसत म्हणाली, "दुपारभर टक टक आवाज येत हुता बघा, ताई. मला वाटलं सुतार अजून दारं बसवाय लागल्यात. तसं नसतं वाटलं तर मी धावत आले असते."

सुविधानं परेशला मागच्या दारी गाठलं.

"आई खाटेर गेली?"

"हय."

"माझ्या डोळ्यांत बघून सांग."

"ताई, आज तरी भांडू नको."

"दाराकडे पडलेली ना ती? तू आत ढकललंस तेव्हा दार तिच्या अंगाक लागला ना?"

 परेश चिडून म्हणाला, "त्या दाराक आतून कुलूपच पडत नाय गो! नुसती मूठ फिरवायची! लहान पोर उघडता!"

नुसती फिरवायची. हेच तो सगळ्यांना सांगत सुटला. जणू म्हातारीचीच चूक!

सुविधाला दुसरं काही नको होतं. घर नको, जमीन नको. आई कशी गेली ते परेशनं एकदा तोंडानं कबूल करावं, एवढंच हवं होतं. तेवढंच तो करत नव्हता.

दहाव्याचा पिंड आमोण्याला नदीकाठी ठेवला. आमच्यात तिथे बायका सहसा जात नाहीत. सुविधा गेली. अडवायची कुणाची छाती झाली नाही.

कावळे होते. झाडावर ओळीनं बसले होते. पण पिंडाकडे एकही फिरकेना.

आता ही रीत तुम्हाला ठाऊक आहे. कावळा शिवला नाही तर गेलेल्या माणसाचं मन कशात तरी अडकलंय असं समजायचं, आणि घरच्यांनी हात जोडून शब्द द्यायचा. परेशनं शब्द द्यायला सुरुवात केली. आई, तुझं वर्षश्राद्ध थाटात करीन. कावळा हलला नाही. आई, होमस्टेला तुझंच नाव देईन. कावळा हलला नाही. आई, ताईचं माहेर तुटू देणार नाही. एक कावळा तर चक्क पाठ फिरवून बसला.

ऊन चढत चाललं. भटजी घाम पुसू लागले.

सुविधा मागून म्हणाली, "दारांबद्दल बोल."

परेशनं तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. मग हात जोडून पुटपुटला, "आई, घरातल्या सगळ्या गोल मुठी काढून टाकतां. सगळ्या."

शब्द संपायच्या आत कावळा खाली उतरला.

भटजी परेशला म्हणाले, "पिंडाकडे दिलेलो शब्द मोडू नको हां, बाबा." बास, एवढंच बोलले.

आणि ह्या महाभागानं काय केलं? तेरावं झालं, पाहुणे पांगले, तशी फक्त आईच्या खोलीची मूठ काढली. एकच! बाकीच्या तशाच. फोटो अपलोड झाले होते ना!

सुविधानं विचारलं तर म्हणाला, "आईच्या दाराची काढली मगो. आणि काय होया तुका?"

"तू सगळ्या म्हटलेलंस."

"ताई, कावळो शिवलो. विषय संपलो."

विषय संपला नव्हता.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते पुण्याचं एक जोडपं. दुसऱ्याच दिवशी दुपारी सामान बांधून बाहेर. त्यातली बाई प्रियाला म्हणाली, "आमच्या खोलीचं दार कुणीतरी उघडायला बघतंय."

प्रिया म्हणाली, "मी बघते. पोरं असतील बाहेर."

"बाहेरून नाही हो."

बाई पांढरीफटक पडली होती.

"आतून... आम्ही दोघं पलंगावर होतो. आणि दाराची आतली मूठ आपोआप अर्धी फिरत होती. फिरायची, मग हातातून निसटावी तशी मागे यायची. टक्... परत फिरायची. टक्..."

परेशनं हसण्यावारी नेलं. स्प्रिंग ढिली असेल म्हणाला. सतीशला बोलावून मुठी घट्ट करून घेतल्या.

दुपारचं जेवण आटोपलं, लाईट गेली, पंखे थांबले...

टक्...

एका दारावरून दुसऱ्या दारावर. अख्ख्या घरभर.

टक्...

मग प्रियाला मुठींवर डाग दिसू लागले. तेलकट. तीन बोटांचे. उरलेली दोन बोटं उमटतच नव्हती. ती फडकं घेऊन पुसायची. दुपारनंतर डाग परत. घरात निलगिरीचा वास येऊ लागला. मावशीची तेलाची बाटली तर प्रियानं कधीच फेकून दिली होती.

प्रियानं सुविधाला फोन केला. "ताई, ह्यांका सांगा. ते माझा ऐकत नायत."

"माझा तरी खंय ऐकता तो?" असं म्हणून सुविधानं फोन ठेवला. तिला भीती वाटली नव्हती. तिला संताप आला होता. आईला मेल्यावरही दार उघडता येत नाही, ह्याचा संताप.

पण आई बाहेर पडायला धडपडत नव्हती, हे सुविधाला नंतर कळलं. आई दारं तपासत होती, पिंडाकडे दिलेला शब्द पाळलाय की नाही ते.

एके दुपारी परेश जेवून आपल्या बेडरूममध्ये झोपायला गेला. दार ओढून घेतलं. लाईट नव्हती. प्रिया मागे भांडी घासत होती. तिला टक् टक् ऐकू आलं, तिनं रोजच्यासारखं दुर्लक्ष केलं.

मग नवऱ्याचा आवाज आला.

"प्रिया! बाहेरून मूठ कशाक धरलंस?"

ती हात पुसत धावली. दारापाशी कुणी नव्हतं.

"मी खंय धरलंय? तुमीच आतून सोडा!"

तिनं मूठ फिरवली. हलेना. दोन्ही हातांनी फिरवली. हलेना. किल्ली घातली, किल्ली फिरली, पण मूठ जागची हलली नाही. पलीकडून कुणीतरी सगळा जोर लावून धरल्यासारखी. आणि आत परेशला वाटत होतं की अलीकडून धरलीय.

सोनाबाई आली. दोघींनी धक्के मारले. सतीशचा फोन लागेना. सोनाबाईनं परसातून जाऊन काचेवर दगड घातला, काच तडकली पण फुटली नाही. जाड काच, परेशनंच निवडलेली. आत तो आधी ओरडत होता, मग खोकू लागला, मग नुसते श्वास ऐकू येऊ लागले. प्रियानं रडत रडत सुविधाला बोलावलं.

सुविधा स्कूटर घेऊन डिचोलीहून निघाली ती थेट त्या दारासमोर. प्रियाला बाजूला केलं. गुडघ्यांवर बसली.

मुठीवर हात ठेवला.

मूठ तेलानं बुळबुळीत होती... आणि कोमट होती. कुणाचा तरी हात आत्ताच तिथे होता... किंवा अजूनही होता.

आतून परेशचा आवाज आला, अगदी दाराला तोंड लावून.

"ताई... माका ठावक होतां. आई दाराकडेच पडलेली. मी तिका उचलून खाटेर घातली. मूठ मीच पुसली. तू हँडल घाल म्हटलेलंस, मी नाय घातलो. ताई, माझीच चूक... दार उघड."

जे ऐकायला सुविधा एवढे दिवस तडफडत होती, ते ऐकलं.

आणि तेव्हाच निलगिरीचा वास आला. इतका उग्र की डोळ्यांत पाणी यावं. आणि तिच्या उजव्या कानाशी, अगदी खांद्यावर हनुवटी टेकवून बोलावं तसा आवाज आला...

"सोडू काय गो ह्याका?"

सुविधानं प्रियाकडे पाहिलं. प्रियाला काही ऐकू आलेलं नव्हतं. ती नुसती "ताई, काय तरी करा, ताई" म्हणत होती.

आत परेश दार खरवडत होता. नखांनी.

"सोडू?"

सुविधानं ओठ घट्ट मिटले.

किती वेळ, ते ती सांगत नाही. मी विचारलं तर मान फिरवते. एवढंच म्हणाली, "माका आईची बोटां दिसत होती गो. सोलवटलेली."

आतलं खरवडणं थांबलं. श्वासही ऐकू येईनासे झाले. तेव्हा कुठे तिच्या तोंडून शब्द फुटला.

"सोड. सोड, आई. पुरे."

मूठ तिच्या हाताखाली आपसूक फिरली. दार उघडलं. परेश दारातच कोसळलेला होता, घामानं निथळत, तोंड निळं पडलेलं. सोनाबाईनं पाणी मारलं, प्रियानं छाती चोळली, कसाबसा शुद्धीवर आला. वाचला. आजही धडधाकट आहे.

शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिल्यांदा हात नेला तो डाव्या कानाकडे. कान लालबुंद झाला होता. कानाला तेलाचा वास येत होता.

संध्याकाळ व्हायच्या आत एकूण एक मूठ निघाली. परेशनं स्वतः काढल्या, सतीशची वाट न बघता. पुन्हा लाकडी खिट्ट्या बसवल्या. होमस्टे बंद. त्या घरात आता टक् असा आवाज येत नाही.

प्रिया मात्र सुविधाशी बोलत नाही. तिनं एकदाच विचारलं होतं, "ते आत मरत होते आणि तुमी गप कशाक बसलात?" 

इथे संपलं असतं तर मी हे लिहायलाही बसले नसते.

सुविधाची मुलगी सिद्धी कॉलेजात आहे. मध्यंतरी मायलेकींची जुंपली. कारण काहीच नाही, मोबाईल. सुविधा तिच्या सवयीप्रमाणे कडाडली. सिद्धी पाय आपटत आपल्या खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. त्या दाराला मूठबीठ नाही, साधी कडी आहे. सुविधा रागानं थरथरत बाहेर उभी राहिली. दुपारची वेळ. पंखा थांबला. लाईट गेली...

निलगिरीचा वास आला...

आणि कानाशी तोच आवाज, मायेनं, हळूच.

"धरू काय गो हिका?"

"नको!" सुविधा किंचाळली. "नको, आई! माझी पोर ती! नको!"

आतून सिद्धीनं कडी काढली. दार उघडलं. लगेच उघडलं. "आई, कोणाकडे बोलतेस?" असं विचारत ती दारात उभी राहिली.

सुविधानं तिला मिठी मारली आणि ढसाढसा रडली. आई गेली तेव्हा रडली नव्हती, तेवढं सगळं त्या दिवशी रडली.

तेव्हापासून आमची सुविधा कुणावर रागवत नाही. नवऱ्यावर नाही, मुलीवर नाही, भाजीवाल्यावरही नाही. राग आला की नाकपुड्या फुगतात, मग पटकन दोन्ही कानांवर हात ठेवते आणि डोळे मिटून बसते. घरातली सगळी दारं दगड लावून उघडी ठेवलीयत. बघणाऱ्याला वाटतं, बाई किती शांत झाली.

माझी आणि तिची लहानपणापासून भांडणं. मी बोलायला फटकळ, ती तापट. मागच्या आठवड्यात मी तिच्याकडे गेले होते. बोलता बोलता माझ्या तोंडून परेशची बाजू घेतल्यासारखं काहीतरी निघून गेलं.  सुविधानं ओठ घट्ट मिटले.

मी हातातला चहा तसाच ठेवला आणि बाहेर अंगणात येऊन उभी राहिले.